ग्रुपवरची तांबडी गाय

निवृत्तीच्या दिवशी माझा सत्कार झाला, त्याच्या फोटोत माझ्या मागे एक निळा पडदा दिसतो. शाल, श्रीफळ, मी, चेअरमन साहेब आणि पडदा. फोटो बघणारे विचारतात, "मागे खिडकी होती का हो, मॅडम?" खिडकी नव्हती. त्या पडद्याची एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल काही सांगितलं असं होणार नाही.

त्याच संध्याकाळी ऑफिसच्या ॲपने मला बाहेर काढलं. नोकरी संपली की त्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद, हा नियम माझाच. लोक कुरकुरायचे, "आठवडाभर तरी राहू द्या की." मी म्हणायचे, "घर रिकामं केलं की किल्ली द्यायची असते." माझी किल्ली काढून घेतली ती माझ्याच हाताखाली तयार झालेल्या सुजाताने. फोनवर ओळ आली की आपल्याला इथे प्रवेश नाही. बाई कामाला पक्की निघाली याचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी सवयीने फोन उचलला, तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मी तांबोळी. जन्म, सासर, नोकरी सगळं नगरातच. बोर्डावर आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडाला अजून थोडा वेळ लागतो. आमच्या दूध संघात मी हिशेब खात्यात लागले. संघात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून झाकण घालायचं काम माझ्याकडे दिलं गेलं, आणि पुढे तो कॉम्प्युटरच माझ्याकडे आला. त्यानंतर जे जे नवीन आलं ते ते "तांबोळी मॅडमना विचारा" या एका वाक्यावर माझ्या टेबलावर येऊन पडलं. शेवटची काही वर्षं माझं काम होतं संघाची माहिती सांभाळणं. कर्मचाऱ्यांनी मोबाईलवर काय पाठवावं, कुठे पाठवावं, कोणाला पाठवू नये, हे बघणं. घरी नणंद विचारायची, "म्हणजे तू लोकांचे मेसेज वाचतेस?" नाही हो. लोकांचे मेसेज वाचायला मला पगार कमी पडला असता.

क्लाउड म्हणजे काय, हे समजायला आमच्या संघातल्या लोकांना मुळीच अवघड गेलं नाही. मी त्यांना सांगितलं, आपल्याकडे दूध जास्त झालं की आपण दुसऱ्याचं शीतगृह भाड्याने घेतो की नाही? दूध आपलं, खोली त्याची, कुलूप दोघांचं. तसंच हे. आपली सगळी माहिती आता इथल्या कपाटात नाही, दूरच्या एका मोठ्या कोठारात आहे. कोठारवाला त्याच्या भिंती सांभाळील. पण आपला माणूसच दार उघडं टाकून चहाला गेला, तर त्याला कोठारवाला काय करणार? म्हणून आपण कॉम्प्युटरमध्येच एक पहारेकरी बसवलाय. तो सांगतो की कोण आत आलं, कुठल्या फोनवरून आलं, कुठली फाईल बाहेर गेली. त्याने शिट्टी मारली की मी धावायचं. एवढंच माझं शास्त्र.

शिट्ट्या बहुतेक वेळा चांगल्या माणसांमुळे वाजायच्या. आपल्याकडे गुपितं फुटतात ती कौतुकापोटी, नाहीतर कुणाचं काम सोपं व्हावं म्हणून. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांचा आठवड्याचा दौरा एका फाईलमध्ये असायचा, कोणत्या गावात कोणत्या दिवशी, कोणाचं जनावर आधी. ती फाईल एका उत्साही क्लार्कने सगळ्यांना उघडी करून दिली. सगळ्यांना म्हणजे लग्नपत्रिकेवर असतं तसं, सहकुटुंब सहपरिवार. लिंक त्याच्या गावच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवरही गेली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. कपाळाला आठ्या. "मॅडम, एक विचारू? त्या गावात एक म्हैस आहे. ती रोज माझ्या यादीत पहिली असते. मी रोज जातो. म्हैस ठणठणीत आहे. मालक म्हणतो, आलाच आहात तर बघा. हे काय आहे?"

काय असणार? मंडळाच्या एका कार्यकर्त्याला कळलं होतं की या फाईलमध्ये आपल्यालाही लिहिता येतं. त्याने स्वतःच्या म्हशीचं नाव रोज सगळ्यात वर टाकलं होतं. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, उघडंच हुतं. मला वाटलं संघानं नवीन सोय केली." मी दार लावून घेतलं. पण खरं सांगू का, त्याच्यावर रागावता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस डॉक्टर दिसले की आमचा शिपाई विचारायचा, "सायेब, म्हैस काय म्हनती?"

आता सकाळच्या ग्रुपबद्दल सांगते. ऑफिसचं स्वतःचं ॲप येण्याआधी आमचा सगळा संघ मोबाईलवरच्या साध्या ग्रुपवर चालायचा, तुमच्याआमच्या घरचे ग्रुप असतात तसल्याच. प्रत्येक दूध शीतकरण केंद्रातला माणूस सकाळी त्यावर सांगायचा की दूध किती आलं, मशीन चालू आहे का, टँकरला रस्ता मोकळा आहे का. त्यातून सगळा जिल्हा माझ्या स्वयंपाकघरात जागा व्हायचा. चहाचं पातेलं गॅसवर आणि फोन ओट्यावर. पुणतांब्याचा माणूस सांगायचा, गोदावरीला पाणी चढलंय, पलीकडचं दूध उशिरा येईल. खर्ड्याचे सय्यदभाई आधी सलाम करायचे, मग उन्हाला शिव्या घालायचे आणि शेवटी दुधाचं सांगायचे. आणि भंडारदऱ्याहून यायचा लहानूभाऊंचा आवाज.

लहानूभाऊंना टाईप करायचा कंटाळा. ते बोलून पाठवायचे. तो आवाज मला अजून पाठ आहे. "राम राम मंडळी. भंडारदरा सेंटर. मशीन चालू हाय. सकाळचं दूध आलं. घाटात धुकं लई हाय, टँकरवाल्यांनी सावकाश यावं." इथपर्यंत ठीक. पण ते इथे थांबायचे नाहीत. "आईचा गुडघा आता बरा हाय. भात कापायला आलाय. तांबडी गाय आज चरायला गेली न्हाई, सुस्त हाय. राम राम."

मी त्यांना कितीदा सांगितलं! "लहानूभाऊ, अहो हा संघाचा ग्रुप आहे. इथे तुमच्या गायीची तब्येत कशाला?" ते म्हणायचे, "व्हय मॅडम, चुकलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडी हजर. टँकरचे ड्रायव्हर मुद्दाम विचारायचे, "भाऊ, तांबडी कशी हाय?" ग्रुपवर हशा. मीही हसायचे, आणि मग "कृपया केवळ कामाचे मेसेज टाकावेत" असं लिहून टाकायचे. आमचे एमडी साहेब तो ग्रुप बघायचे ना, म्हणून.

मग एक दिवस संघाची बातमी फुटली.

जामखेड तालुक्यातल्या काही गावांमध्ये संघ स्वतःची नवी केंद्रं काढणार होता. तिथे संध्याकाळचं दूध घ्यायला कोणी जात नव्हतं. गावं ठरली होती, गुपचूप तयारी चालली होती. आमची माणसं तिथे पोचली तर पुण्याकडची एक खासगी डेअरी दोन दिवस आधीच येऊन, सरपंचांना भेटून, जागा बघून गेलेली. तीच गावं. त्याच क्रमाने. संघात भूकंप झाला. एमडी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्यातला कोणीतरी आहे. शोधा."

मी आधी कोठारातली फाईल तपासली. ज्यांनी उघडायची त्यांनीच उघडलेली. पहारेकऱ्याने शिट्टी मारलेली नाही. मग मी सकाळच्या ग्रुपवरची माणसं एकेक करून तपासायला बसले. सगळे ओळखीचे, एक सोडून. एक नंबर असा होता की त्याला नाव नाही. फोटोच्या जागी एका डोंगराचं चित्र. त्याने ग्रुपवर कधी एक शब्दही लिहिलेला नव्हता. विचारत विचारत कळलं की हा किसन, लहानूभाऊंचा मुलगा. काही दिवस भंडारदरा केंद्रावर बदली कामगार होता, तेव्हा कुणीतरी त्याला ग्रुपमध्ये घेतलं. पुढे त्याने काम सोडलं, त्याला काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि आता तो कामाला कुठे होता? त्याच खासगी डेअरीत.

एमडी साहेबांनी टेबलावर हात मारला. "सापडला! बाप आतून, पोरगा बाहेरून." लहानूभाऊंना निलंबित करायचं, चौकशी मागाहून. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस. सगळी हयात त्या केंद्रावर गेलेली. चोर म्हणून घरी गेला असता, तर भंडारदऱ्यात त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी म्हटलं, "साहेब, गावांची नावं ग्रुपवर कधी आलीच नव्हती. जे तिथे नव्हतं ते तिथून कसं जाईल?" साहेब म्हणाले, "ते तुम्ही शोधा. सोमवारपर्यंत."

मी किसनला फोन लावला. पोरगा घाबरला. मी सरळ विचारलं, "आमच्या ग्रुपवर काय करतोस?"

"काय न्हाई, मॅडम. मी कधी बोललोय का तिथं?"

"बोलत नाहीस, पण सगळं ऐकतोस."

"सगळं न्हाई ऐकत. आबांचं तेवढं ऐकतो."

 मग त्याने सगळं सांगितलं. संघाने त्याला कायम केलं नाही म्हणून तो खासगी डेअरीत गेला, ते बापाला सहन झालं नाही. ज्या संघानं आपल्याला उभं केलं त्याच्या विरोधात गेलास, यापुढे तुझा फोन मी उचलणार नाही, असं आबा म्हणाले. हाही त्यांचाच मुलगा. नाही तर नाही, मी लावतच नाही, म्हणाला. घरात फोन एकच, तो आबांच्या खिशात. "सकाळी त्यांचं ऐकतो, मग कामाला जातो," किसन म्हणाला. "तेवढ्यात घरचं कळतं. आईचा गुडघा कळतो."

फोन ठेवल्यावर मी ते जुने आवाज पुन्हा ऐकले. आईचा गुडघा. लहानूभाऊंच्या आईला जाऊन तर बरीच वर्षं झाली होती, मी स्वतः भेटायला गेले होते. इतकी वर्षं रोज ऐकत होते आणि ही कोणाची आई हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संघाची जीप घेऊन मी भंडारदऱ्याला गेले. लहानूभाऊ केंद्राच्या मागे कॅन धूत होते. धुण्याच्या सोड्याचा वास, खाली वाहणारं पांढरट पाणी. मला बघून त्यांनी पाईप बंद केला नाही, नुसता बाजूला धरला.

"लहानूभाऊ, ग्रुपवर किसन आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं मॅडम? पोरगं ग्रुपात हाय, घरात न्हाई, आसं सांगू?"

मी विचारलं, तो ऐकतो हे तरी तुम्हाला कसं कळतं? त्यांनी हात पुसले, फोन काढला आणि आपल्याच सकाळच्या आवाजावर अंगठा दाबून धरला. कोणी कोणी ऐकलं त्यांची रांग उघडली. या माणसाला मी फोनवर फाईल उघडायला शिकवताना रडकुंडीला आले होते! त्यांनी खाली बोट नेलं. "ह्यो बगा. नाव न्हाई टाकलेलं मी. नंबर पाठ हाय."

"रोज बघता?"

"रोज. त्यानं ऐकलं का मंग मी भाकर खातो. येखाद्या दिशी उशीर झाला तर जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. वाटतं, तापबीप आला का काय पोराला."

मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांना काय वाटतंय, सोमवारी काय होणार आहे. ऐकून ते हसलेच. "मॅडम, संघाची बातमी मला कोन देतं? माझ्याकडं दूध येतं आन् माझ्याकडनं दूध जातं." मग त्यांनी पाईप खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "माझी नोकरी जायाची आसंल तर जाऊ द्या. पन त्याला तितून काडू नका. तेवढं करा."

येताना ड्रायव्हरने दोनदा विचारलं, चहा घ्यायचा का. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. माझा स्वतःचा मुलगा दूर नोकरीला आहे. तो रोज फोन करतो आणि मी रोज म्हणते, ठेव आता, कुकर लावायचाय.

चोर सापडला तो दुसऱ्या दिवशी घरी, भाजी निवडताना. मी सहज लोकांचे स्टेटस बघत होते. एका सत्काराचा फोटो समोर आला, आणि त्यावरून मला महिन्यापूर्वीचा आमचा सत्कार आठवला. आता आमच्या भागातलं सत्काराचं वेड बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. कोणी परदेशी जाऊन आला, सत्कार. कोणाच्या मुलाला चांगले मार्क पडले, सत्कार. साहेब आजारातून उठले, सत्कार. शाल, नारळ, फोटो, आणि फोटो निघाला की तो सगळ्यांच्या स्टेटसवर. न टाकणारा माणूस आखडू ठरतो. महिन्यापूर्वी चेअरमन साहेबांचा वाढदिवस झाला होता, मीटिंग हॉलमध्ये. मीही फोटोत होते. कडेला, पदर सावरताना. मी फोनमध्ये तो फोटो शोधून काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. शालीच्या वर, चेअरमन साहेबांच्या टोपीच्या मागे, हॉलमधला पांढरा बोर्ड होता. बोर्डावर आमच्याच एका अधिकाऱ्याच्या मोत्यासारख्या अक्षरात जामखेड तालुक्यातली गावं होती, एकाखाली एक, आणि शेजारी कुठल्या आठवड्यात कुठे जायचं ते.

आणि हा फोटो त्या दिवशी सगळ्यात आधी टाकला होता एमडी साहेबांनी. स्वतःच्या स्टेटसवर, खाली हात जोडलेलं चित्र. साहेबांचा नंबर जिल्ह्यात कोणाकडे नव्हता? त्या खासगी डेअरीचे मालक तर त्यांचे कॉलेजातले मित्र.

सोमवारी मी फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, हा फोटो जरा मोठा करून बघा." त्यांनी मोठा केला. आधी स्वतःकडे बघितलं, मग चेअरमन साहेबांकडे, मग हळूहळू मागे. फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मॅडम, चहा घेणार?" मी घेतला. लहानूभाऊंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माणूस वाईट नव्हता, दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याला फोन करून त्यांची चौकशी केली म्हणे. बोर्डाला निळा पडदा बसला तो त्या आठवड्यात. तेव्हापासून आमच्याकडे शाल अंगावर पडायच्या आधी शिपाई पडदा ओढतो. नारळ विसरेल, पडदा विसरणार नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण किसनचं काय करायचं, हे माझ्याकडेच होतं. बातमी त्याने नेली नव्हती, हे खरं. पण बाहेरचा माणूस, तोही दुसऱ्या डेअरीचा, आमचे टँकर कुठे कधी जातात हे रोज ऐकणार? आज किसन चांगला आहे म्हणून ठेवला, तर उद्या दुसऱ्या कोणाला कशाच्या आधारावर काढायचं? शिवाय संचालक मंडळाने ठरवलंच, साधा ग्रुप बंद, यापुढे ऑफिसचंच ॲप. त्यात संघाच्या माणसाखेरीज कुणालाही येता येत नाही. तो कारभार मी मागितलेला, मीच उभा केलेला. माझ्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम, असं आजही म्हणेन.

मी लहानूभाऊंना फोन केला. सोमवारपासून नवीन ॲप, म्हटलं, त्यात फक्त आपली माणसं.

"मंजी त्यो न्हाई."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. मग विचारलं, "ऐतवारचं दूध हितंच सांगू ना?"

"सांगा. रविवारचं इथेच सांगा. त्यानंतर मी बंद करते." मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, "लहानूभाऊ, लावा की फोन त्याला. किती दिवस ताणायचं?"

"सबूद दिला हुता मी, मॅडम. उचलनार न्हाई म्हनलो. मंग आता आपनच कसा लावायचा?"

रविवारी सकाळी चहाचं पातेलं ठेवलं आणि त्यांचा आवाज आला. "राम राम मंडळी. भंडारदरा सेंटर. मशीन चालू हाय. सकाळचं दूध आलं. धुकं हाय, सावकाश यावं. आईचा गुडघा बरा हाय. भात घरात आला. तांबडीचं दिस भरल्यात, आज-उद्या व्यायल." इथे रोजचं राम राम यायला हवं होतं, ते आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागे पाण्याचा आवाज. "उद्यापासून ह्यो आवाज हितं न्हाई. कुनाला काय इचारायचं आसंल, तर सकाळचं मला फोन लावावा. मी उचलीन." पुन्हा तो श्वास. "उचलीन मी. राम राम."

ग्रुपवर नेहमीचे अंगठे आले. सय्यदभाईंनी लिहिलं, "लहानूभाऊ, जरूर लावू." एका ड्रायव्हरने तांबडीला शुभेच्छा दिल्या. मी चहा ओतून घेतला, तो ओट्यावरच निवला. घरातल्यांचा नाश्ता होईपर्यंत मी तो ग्रुप बंद केला नाही. मग एकेक नंबर काढत गेले. डोंगराचं चित्र असलेला शेवटी काढला. मी रडले, सांगायला लाज कसली.

नवीन ॲप झकास चाललं. पहारेकरी चोख. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं काही बाहेर नाही. केंद्रं सकाळी भराभर आकडे भरू लागली. भंडारदऱ्याची ओळ यायची, दूध आलं, मशीन चालू, रस्ता मोकळा. बस. ना गुडघा, ना भात, ना गाय. एमडी साहेब खूश. "बघा मॅडम, लहानूभाऊंना शेवटी शिस्त लागली." मी हो म्हटलं. पुणतांब्याहून गोदावरीचं पाणी कळायचं बंद झालं, सय्यदभाईंनी उन्हाला शिव्या घालणं सोडलं. ॲपच्या माथ्यावर मीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, खासगी गप्पा येथे करू नयेत. आता त्याच मॅडमनी गाय व्याली का म्हणून विचारायचं कसं? रोज सकाळी त्या तेवढ्याशा ओळीकडे बघायचे. कधी वाटायचं, किसनने फोन लावला असेल. कधी वाटायचं, नसेल लावला, आणि हा माणूस आता भाकर कधी खात असेल. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग माझी निवृत्ती आली.

घरी बसल्यावर कळलं की मला संघ आठवत नाही, ऑफिस आठवत नाही. मला सकाळ आठवते. धुक्यात सावकाश या म्हणणारा कोणी पाहिजे असतो माणसाला, टँकर नसला तरी. गेल्या महिन्यात एका सकाळी पातेलं गॅसवर ठेवलं आणि शेवटी फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"मॅडम! बोला की."

"काही काम नाही, लहानूभाऊ. धुकं आहे का?"

"हाय की. म्होरलं झाड दिसंना."

"आणि तांबडी? व्याली का हो ती?"

पलीकडे लहानूभाऊ खदखदून हसले. "आवो मॅडम, ती कवाच व्याली! त्याच सोमवारी. कालवड झाली. आता ती कालवड दावं तोडती." मग आवाज जरा खाली आला. "किसनाचा फोन आल्ता त्या सकाळी, त्याला सांगितलं. तुमाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

"मग आता सांगा," मी म्हटलं आणि गॅस बारीक करून खुर्ची ओढली.